मध्येच थांबवलं तर चालतं का?

माझ्या हातचं एक वाक्य मला मागे घ्यायचं आहे. एका प्रशिक्षणाच्या अहवालात ते चौथ्या पानावर आहे: ‘सहभागी शिक्षकांमध्ये तंत्रज्ञानाविषयी अनास्था दिसून आली.’ महिना सप्टेंबर, साल २०२०. अहवालावर चौघांच्या सह्या आहेत, पण हे वाक्य मी लिहिलं. लिहिताना हात जराही अडखळला नाही. आकडे समोर होते. तीन तालुक्यांतल्या प्राथमिक शिक्षकांसाठी आम्ही जो ऑनलाइन अभ्यासक्रम केला, त्यात नावं नोंदवणारे पुष्कळ होते आणि शेवटपर्यंत पोचलेले फार थोडे. बाकीच्यांच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असा शेरा होता. तो का पडला, हे त्यांना विचारावं असं मला वाटलं नाही.

माझी ही खात्री आळसातून आलेली नव्हती, म्हणून ती कुठून आली ते आधी सांगते.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी वीसेक वर्षं काढली आहेत. आपल्याकडे प्रशिक्षण वरून पाझरत खाली येतं. राज्यपातळीवर तज्ज्ञ बोलतात, त्यांचं ऐकून जिल्ह्याचे मार्गदर्शक तयार होतात, जिल्ह्याचे तालुक्याला सांगतात, तालुक्याचे केंद्राला. वरच्या पायरीवर पाच दिवस चाललेलं काम केंद्रावर येईपर्यंत दोन दिवसांत आटपतं. वर जी कृती हाताने करून पाहिली जाते, तिची खाली ‘वेळेअभावी आपापल्या शाळेत करून घ्यावी’ अशी एका ओळीची सूचना होते. वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींच्या वाट्याला शेवटी एक पुस्तिका येते आणि हजेरीपटावरची सही. या उतरंडीच्या मधल्या पायऱ्यांवर मी स्वतः उभी राहिले आहे. गळती डोळ्यांनी पाहिली आहे. आणि तिचा दोष मी नेहमी मधल्या माणसांना देत आले. प्रत्येक मधला माणूस थोडं सांडतो, थोडं स्वतःचं मिसळतो, असं माझं ठाम मत होतं.

त्यामुळे ऑनलाइन शिक्षण दारात आलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. एकच तज्ज्ञ, एकच आवाज, एकच नेमका मजकूर, आणि तो थेट शेवटच्या शिक्षकाच्या हातातल्या फोनवर. मधली सगळी माणसं गाळता येणार होती.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आमच्याकडे काम आलं: ज्यांनी आयुष्यात कधी ऑनलाइन शिकवलेलं नाही, त्यांना ते शिकवायचं, तेही ऑनलाइनच. आम्ही १२ व्हिडिओ केले. प्रत्येक ३५ ते ४० मिनिटांचा. संहिता मी तीन-तीनदा लिहिल्या. ध्वनिमुद्रण पहाटे करायचे, खिडकीला गोधडी लावून, कारण सहा वाजले की सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू व्हायचा. कुठलाही मुद्दा सुटू नये याची मी इतकी काळजी घेतली, की एका व्हिडिओत ऑनलाइन वर्गाची व्याख्याच मी चार प्रकारे सांगितली होती. प्रत्येक व्हिडिओनंतर १० वस्तुनिष्ठ प्रश्न आणि शेवटी प्रमाणपत्र. अभ्यासक्रम सुरू झाला त्या दिवशी माझं काम संपलं, असं मी धरून चालले. नियोजनाच्या तक्त्यात त्यानंतरच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘पाठपुरावा’. पाठपुरावा म्हणजे किती जणांचं पूर्ण झालं त्याची टक्केवारी, ती दर शनिवारी ग्रुपवर पडायची.

दुसऱ्याच आठवड्यात प्रश्नांची उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरू लागली. १-ब, २-ड, ३-अ. मला फार राग आला. मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगणारे हे लोक, असं मी एका बैठकीत बोलूनही गेले. त्या रागातूनच ते अनास्थेचं वाक्य आलं.

ज्यांचं अपूर्ण राहिलं होतं त्यांना दिवाळीपर्यंत मुदत वाढवून मिळाली. त्या दिवसांत एका रात्री साडेनऊला फोन आला. डोंगराळ भागातल्या एका शाळेतल्या बाई होत्या. माझा नंबर त्यांनी कुठून तरी मिळवला होता.

“मॅडम, एक विचारू का? रागावणार नाही ना?”

“विचारा ना बाई.”

“व्हिडिओ मध्येच थांबवला तर चालतं का?”

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, म्हणजे? मग त्या सांगू लागल्या. घरात रेंज येत नाही. शेजाऱ्यांच्या गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या वरच्या पायरीवर येते. रात्रीचं आवरून त्या तिथे जाऊन बसतात. दहा मिनिटं होतात न होतात तोच खालून मुलगी हाक मारते, किंवा सासूबाईंना औषध द्यायचं असतं. खाली जाऊन यायचं आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायचा. तिसरा व्हिडिओ त्यांनी चार वेळा लावला होता. एकदाही तो शेवटपर्यंत गेला नव्हता. दिवसाला दीड जीबी नेट मिळायचं. त्यातूनच वर्गातल्या मुलांना अभ्यास पाठवायचा आणि त्यातूनच हे.

“पण पहिल्यापासून का लावता?”

“सूचनेत लिहिलंय ना मॅडम, व्हिडिओ पूर्ण पाहिल्याशिवाय नोंद होणार नाही. मध्ये थांबवलं आणि गैरहजेरी पडली तर?”

ती सूचना माझी होती. ‘पूर्ण’ म्हणजे ‘सलग’ असा अर्थ त्यांनी लावला होता. ज्या माणसाने आयुष्यभर प्रशिक्षण म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एका खोलीत बसणं असंच पाहिलं आहे, तो दुसरा कुठला अर्थ लावणार? मधून उठून गेलं तर गैरहजेरी लागते, हे आम्हीच त्यांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं.

“थांबवलेलं चालतं, बाई. कधीही थांबवा, कितीही वेळा थांबवा. जिथे सोडलं तिथून पुढे लावा.”

पलीकडे थोडा वेळ आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, “तसं लिहायचं ना मग.” त्यात तक्रार नव्हती. दमलेल्या माणसाचा साधा आवाज होता तो. यादीत त्यांच्या नावापुढे ‘१२ पैकी २, अपूर्ण’ असं होतं. माझ्या वाक्यातली ‘अनास्था’ ती ही. रात्री जिन्यावर बसून एकच व्हिडिओ चार वेळा लावणारी.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी ‘अपूर्ण’ शेऱ्याच्या शिक्षकांना एकेक करून फोन करू लागले. अहवालाच्या आधी करायला हवे होते, ते फोन.

एका गुरुजींनी सगळे व्हिडिओ पाहिले होते, पण एकही चाचणी दिली नव्हती. का? ‘सबमिट’ दाबायची भीती वाटते म्हणाले. मी आधी ते हलक्यात घेतलं. मग त्यांनी कारण सांगितलं आणि मी गप्प झाले. शिक्षकाच्या आयुष्यात ‘ऑनलाइन’ हा शब्द शिकण्यासाठी आलेलाच नाही. तो माहिती भरण्यासाठी आला. पटसंख्या, आधार क्रमांक, पोषण आहाराची नोंद, गणवेश. तिथे एकदा बटण दाबलं आणि आकडा चुकला, तर दुरुस्तीसाठी तालुक्याला अर्ज, वर खुलासा, कधी चार लोकांसमोर बोलणी. त्या बटणाने त्यांना शिकवलं होतं की चूक परत घेता येत नाही. आणि तेच बटण, त्याच नावाने, मी शिकण्याच्या पानावर ठेवून दिलं होतं.

दुसऱ्या एका बाईंनी अडचण अशी सांगितली, की तुम्ही व्हिडिओत ॲप कसं वापरायचं ते दाखवता, पण ते करून बघायला तुमच्यातून बाहेर यावं लागतं, आणि बाहेर आलं की तुम्ही काय सांगितलं ते विसरायला होतं. त्या पायऱ्या वहीत उतरवून घेत होत्या. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाची पद्धत मला ठाऊक होती: पडद्याच्या एका बाजूला छोटा व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडलेलं, पाहायचं आणि लगेच करायचं. उत्तम पद्धत आहे. पण ती संगणकासमोर बसलेल्या माणसासाठी आहे. माझ्या शिक्षकांकडे एकच फोन, आणि त्या फोनवर एका वेळी एकच गोष्ट दिसणार. मी संहिता लिहिल्या लॅपटॉपवर, तपासल्या लॅपटॉपवर. स्वतःचा अभ्यासक्रम मी एकदाही फोनवर, कमी रेंजमध्ये, एका बैठकीत करून पाहिला नव्हता.

आणि एका तरुण शिक्षकाने विचारलं, “शंका लिहायची जागा दिलीय तिथे, पण तिथे कुणी असतं का?”

तिथे कुणीच नसायचं.

त्याच वर्षी डिसेंबरात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाल्याची बातमी आली. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी त्यांचं नाव आमच्या क्षेत्रात आधीपासून माहीत होतं. सगळ्यांसारखा मलाही आनंद झाला, आणि त्याच वेळी माझं वाक्य आठवलं. जिल्हा परिषदेचा शिक्षक तंत्रज्ञानाविषयी अनास्था बाळगतो, असं लिहिणाऱ्या माणसाने त्या दिवशीचं वर्तमानपत्र कुठल्या तोंडाने वाचायचं?

इथून पुढे मी लगेच शहाणी झाले असं मात्र नाही. पहिली दुरुस्ती मी केली तीही चुकीचीच. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-बैठकींवरून फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष मला पाठ होता: व्हिडिओ कितीही लांब असला तरी मधल्या प्रेक्षकाचं पाहणं सहा मिनिटांच्या आसपासच थांबतं. मी ४० मिनिटांचा एक व्हिडिओ घेतला आणि त्याचे सात तुकडे केले. झालं, असं वाटलं. ऊस कांडं करून दिला की सोलायला सोपा जातो, तसं काहीसं मनात असावं. शिक्षकांनी सातही तुकडे एकापाठोपाठ लावले, किंवा लावलेच नाहीत. भाषण तेच होतं. तुकड्यांच्या मधे त्यांनी करायचं असं काहीच नव्हतं.

वेळ मिळाला नाही, ही माझी दुसरी सबब. मार्च २०२० मध्येच अमेरिकेतल्या पाच अभ्यासकांनी एक लेख लिहून बजावलं होतं, की संकटात घाईने केलेलं दूरस्थ अध्यापन आणि नीट आखलेलं ऑनलाइन शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, विद्यापीठातला पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम आखायला एरवी सहा ते नऊ महिने लागतात. तो लेख मी बैठकांमध्ये ढालीसारखा वापरत असे. आज प्रामाणिकपणे सांगायचं तर नऊ महिने मिळाले असते तरी मी तेच केलं असतं. व्हिडिओ जास्त देखणे झाले असते, इतकंच.

मला खरं हलवलं ते एका शिक्षकाच्या पाठाने. अभ्यासक्रम ‘पूर्ण’ केलेले, ९० टक्के गुण मिळवलेले हे शिक्षक. आमच्या यशाच्या यादीत त्यांचं नाव वर होतं. तिसरीच्या मुलांसाठी त्यांनी केलेला व्हिडिओ त्यांनी अभिमानाने मला पाठवला. हातच्याची वजाबाकी. सुरुवात अशी: “नमस्कार. आजच्या भागात आपण वजाबाकीची संकल्पना समजून घेणार आहोत.” पुढे ३४ मिनिटं ते बोलत होते. आठ वर्षांच्या मुलांशी. मागे भिंतीला लावलेली चादर, समोर कागद, मधेमधे ‘आता आपण पुढील मुद्द्याकडे वळू या’. ते वाक्य माझं होतं. चादर माझी होती. आवाजाची चालसुद्धा माझी. हेच शिक्षक वर्गात काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडवून मुलांकडून हातचा काढून घेत. मी त्यांच्या वर्गात बसून ते पाहिलेलं होतं. फळ्याजवळ जो माणूस दर मिनिटाला मुलांना काही विचारत होता, त्याला मी १२ व्हिडिओंमध्ये ३४ मिनिटं एकट्याने बोलायला शिकवलं होतं.

सहाव्या व्हिडिओत मी ‘ऑनलाइन अध्यापनात विद्यार्थ्यांचा सहभाग’ यावर बोलले आहे. सगळे मुद्दे बरोबर आहेत. त्यांनी मुद्दे ऐकले, चाचणीत बरोबर उत्तरं दिली, आणि उचललं ते मी जसं वागले ते. शिक्षकांना शिकवताना हे असंच होतं. विद्यार्थ्यासाठी अभ्यासक्रम फक्त मजकूर असेल, शिक्षकासाठी तो नमुना असतो. पहिल्यांदाच ऑनलाइन शिकणाऱ्या शिक्षकाच्या डोळ्यासमोर दुसरा नमुना नसतोच. त्यामुळे माझी प्रत्येक चूक तीस-चाळीस मुलांच्या फोनवर जाऊन पोचली असणार.

खरं तर हे मला नव्याने कळायची गरज नव्हती. बरीच वर्षं आधी मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक होते. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ सालचं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या शिक्षकांची तिथे रविवारी संपर्कसत्रं व्हायची. पुस्तकं स्वतःची स्वतः शिकता यावीत अशीच लिहिलेली असायची. तरी माणसं तीन-तीन एसटी बदलून यायची. पुस्तकातलं एखादं पान बोटाने धरून यायची. “इथपर्यंत आलं, पुढचं कळत नाही.” मी ते पान कधी समजावून सांगायचे, कधी शेजारच्यालाच सांगायला लावायचे. समंत्रक हा शब्द मला तेव्हा जड वाटायचा, पण काम सोपं होतं. पान आणि माणूस यांच्या मधे बसायचं. म्हणजे ज्या मधल्या माणसाला गाळण्याची मला इतकी घाई झाली होती, तो मी स्वतः होते.

याहून जुनं उदाहरण आहे. १९७५-७६ मध्ये भारताने उपग्रहावरून खेड्यांत दूरदर्शन नेण्याचा ‘साइट’ हा प्रयोग केला. सहा राज्यांतली २,४०० गावं. त्या वर्षात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षणही उपग्रहावरून दिलं गेलं, ५०,०००च्या आसपास शिक्षकांना. पण नुसता टीव्ही लावून ठेवला नव्हता. कार्यक्रमाबरोबर रेडिओ होता, छापील साहित्य होतं, हाताने करायचे प्रयोग होते, आणि ते करून घ्यायला केंद्रावर माणूस होता. हे सगळं मी माझ्या व्याख्यानांत सांगत आले आहे. गिली सामन या इंग्रज अभ्यासिकेची ऑनलाइन शिकवण्याची पाच पायऱ्यांची मांडणीही मी फळ्यावर कितीदा काढली असेल. तिच्यात माहितीची देवाणघेवाण तिसऱ्या पायरीवर येते. त्याआधी आत येता येणं आणि एकमेकांशी ओळख होणं. मी तिसऱ्या पायरीवर थेट उडी मारली आणि मागे राहिलेल्यांना अनास्था आहे असं लिहून टाकलं.

२०२१च्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा बसलो. या वेळी मी एकच मागणी लावून धरली. २५ शिक्षकांमागे एक सुलभक हवा, म्हणजे त्यांचं लिहिलेलं वाचून त्यांच्याशी बोलणारा माणूस, आणि त्याच्या वेळेचे पैसे व्हिडिओंच्या खर्चातून काढायचे. त्यासाठी १२ व्हिडिओंचे चार झाले तरी चालतील. सहकाऱ्यांना हे पटवायला महिना गेला. संख्या कमी दिसणार, ही त्यांची अडचण खरी होती.

पहिल्या आठवड्यात मजकूर ठेवलाच नाही. तीन कामं दिली. एक, आपल्या वर्गाच्या खिडकीतून जे दिसतं त्याचा फोटो ग्रुपवर टाका. दोन, दुसऱ्या कुणाच्या तरी फोटोविषयी अर्ध्या मिनिटाचं बोलून पाठवा. तीन, स्वाध्यायाच्या जागी मुद्दाम चुकीची फाईल पाठवा, मग ती काढून बरोबर पाठवा. हे तिसरं काम मी त्या सबमिटवाल्या गुरुजींसाठी लिहिलं होतं. लोकांनी भाचीच्या लग्नाची पत्रिका पाठवली, गॅसचं बिल पाठवलं, आणि काढून टाकलं. एका बाईंनी लिहिलं, चूक करा अशी सूचना इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा आली. त्या आठवड्यात कुणालाही ऑनलाइन अध्यापनाची व्याख्या सांगितली गेली नाही.

व्हिडिओंमध्ये आता मी थांबायला सांगते. ही गोष्ट मी आयआयटी मुंबईतल्या शिक्षण-तंत्रज्ञानाच्या गटाकडून घेतली. सहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांसाठीच्या अभ्यासक्रमांत व्हिडिओच्या आतच विचाराचे थांबे ठेवले. प्रश्न विचारायचा, इथे थांबवा आणि लिहा असं म्हणायचं, मग पुढे त्याच्या संभाव्य उत्तरांवर बोलायचं. वाचलं तेव्हा ती मला एक युक्ती वाटली होती. जिन्यावरच्या बाईंच्या फोननंतर तिचं मोल कळलं. शिकवणारा स्वतः ‘थांबा’ म्हणतो, तेव्हा थांबण्याची परवानगी मागावी लागत नाही. आणि लिहायला एक कागद लागतो, फोन नाही, म्हणजे तो एकच पडदा अडत नाही.

वस्तुनिष्ठ प्रश्न काढून टाकले. त्यांच्या जागी एकच प्रश्न ठेवला: ‘उद्या हे तुमच्या कुठल्या तीन मुलांबरोबर कराल, आणि त्यांच्याकडे कुठला फोन आहे?’ याचं उत्तर व्हॉट्सॲपवर फिरवता येत नाही, कारण प्रत्येकाची मुलं वेगळी. कॉपीवरचा माझा राग तिथेच ओसरला. नक्कल करण्याजोगा प्रश्न मीच विचारला होता.

या प्रश्नाच्या उत्तरांनी मलाच शिकवलं. पहिल्या अभ्यासक्रमात मी थेट प्रक्षेपित वर्ग कसा घ्यायचा ते तीन व्हिडिओंत सांगितलं होतं. उत्तरांत येत होतं: फोन वडिलांकडे, ते वीटभट्टीवर, रात्री आठला येतात. फोन साधा, बटणांचा. फोन आहे पण दोन भावंडांत एक. मग ग्रुपमध्येच उपाय निघू लागले. एक गुरुजी साध्या फोनवर एका वेळी चार मुलांना कॉन्फरन्स कॉलवर घेऊन पाढ्यांचे खेळ घेत होते. एक बाई दिवसा वस्तीवर चिठ्ठ्या टाकून येत आणि रात्री मुलांनी बोलून पाठवलेली उत्तरं ऐकत. माझ्या १२ व्हिडिओंत यातलं काहीही नव्हतं. असू शकलंच नसतं, कारण ते मला माहीतच नव्हतं.

आणि उत्तरांना उत्तर देणं. मी आजवर केलेलं सगळ्यात कष्टाचं काम हे. सुरुवातीला मी ‘छान’, ‘उत्तम प्रयत्न’ असं लिहायचे. आठवड्याभरात लक्षात आलं, की ‘छान’ आल्यावर समोरचा माणूस पुन्हा लिहीत नाही. दार लावल्यासारखं होतं. मग प्रत्येकाच्या लिहिण्यातली एक गोष्ट धरून एकच प्रश्न विचारायचा, असं ठरवलं. ‘चौथ्या मुलीने काहीच उत्तर दिलं नाही असं तुम्ही लिहिलंत. ती वर्गातही गप्प असते का?’ अशा प्रश्नाला रात्री अकरालाही उत्तर यायचं. २५ जणांसाठी रोज दीड-दोन तास. ज्या दिवशी मी उत्तर दिलं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिणारे कमी व्हायचे.

माझे काही जुने सहकारी हे ऐकून म्हणतात, बघा, शेवटी समोरासमोरच्या प्रशिक्षणाला पर्याय नाही. हे मला अजिबात मान्य नाही, आणि माझ्या कबुलीचा तसा अर्थ कुणी काढू नये अशी माझी इच्छा आहे. एकशिक्षकी शाळेतला शिक्षक पाच दिवस तालुक्याला गेला, तर त्या पाच दिवसांत शाळा उघडायची कुणी? तान्हं मूल असलेल्या बाईंनी निवासी प्रशिक्षणाला जायचं कसं? ऑनलाइन शिकण्याने त्यांच्यासाठी उघडलेलं दार पुन्हा लावून घ्यायचं नाही. त्या पाझरणाऱ्या प्रशिक्षणाबद्दल माझं मत आजही तेच आहे. बदललं ते मधल्या माणसाबद्दलचं. तो पुस्तिका वाचून दाखवत होता म्हणून गळती होत होती. त्याला शिक्षकांची उत्तरं वाचायला बसवलं, तर तोच अभ्यासक्रमाचा कणा होतो.

२५चे गट करून लाखो शिक्षकांपर्यंत कसं पोचायचं, असं मला विचारतात. याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. अर्धं आहे: पहिल्या गटातल्या शिक्षकांपैकी काहींनी पुढच्या गटांत सुलभक म्हणून काम केलं, आणि ते माझ्याहून चांगलं केलं, कारण जिन्यावर बसून शिकणं म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. पण प्रत्येक चांगला शिक्षक चांगला सुलभक होत नाही, आणि या कामाचा वेळ शाळेच्या वेळेतून धरला गेला नाही तर तो घरच्या वेळेतून जातो. बहुतेकदा बाईंच्या घरच्या. याचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा.

अहवाल बदलता येणार नाही. तो केव्हाच वर गेला आणि फायलीत बसला. मागच्या वर्षी मी जिन्यावरच्या त्या बाईंचा नंबर शोधून त्यांना फोन केला. बदली होऊन त्या आता दुसऱ्या तालुक्यात आहेत. तिथे रेंज घरात येते म्हणाल्या. मी त्यांना वाक्याचं सांगितलं. तुमच्याबद्दल असं लिहिलं होतं, ते चुकीचं होतं, त्याची माफी मागायची आहे.

“जाऊ द्या मॅडम, मला कुठे ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, “पण एक सांगा. तिसऱ्या व्हिडिओत शेवटी काय होतं? तो माझा कधी पूर्ण झालाच नाही. नंतर मुदत संपली.”

मला आठवेना. त्यांना फोनवर धरून ठेवत लॅपटॉप उघडला, जुनी संहिता शोधली. शेवटची दोन पानं मुलांच्या उत्तरांतल्या चुका कशा वाचायच्या यावर होती. मी वाचू लागले. बाईंनी मला मध्ये दोनदा थांबवलं.